पार्ट मिळतो का? जुन्या स्पोर्ट्स बाइकची दुखणी आणि सुट्या भागांचा प्रश्न

जुन्या गाडीचा सौदा करताना पूर्वी पहिला प्रश्न ॲव्हरेजचा असायचा. विटा, कराड, तासगाव या पट्ट्यात आज आरएक्स हंड्रेड किंवा पहिल्या घाटणीची करिझ्मा बघायला गेलेलं गिऱ्हाईक कागदपत्रं आणि चेसिस नंबर बघून झाले की सोबत आणलेल्या फिटरकडे वळतं आणि विचारतं, "पार्ट मिळतो का?" या प्रश्नाला फिटरचं उत्तर वेगळं, स्पेअरच्या दुकानदाराचं वेगळं, आणि गाडी जशीच्या तशी जपणाऱ्या हौशी मालकाचं आणखी वेगळं. त्यात आता इथेनॉलमिश्रित पेट्रोल, पुनर्नोंदणीची वाढलेली फी आणि नव्या नंबरप्लेटचा ससेमिरा यांची भर पडली आहे. त्यामुळे ही सगळी चर्चा आज कुठवर आली आहे, ते एकदा सलग मांडायला हवं.

स्पोर्ट्स बाइक म्हणताना इथे जगाचं माप लावून चालणार नाही. आपल्या रस्त्यावर त्या त्या काळात जी सगळ्यात चपळ होती, ती गाडी एवढाच अर्थ घ्यायचा.

तीन पिढ्या

पहिली पिढी टू-स्ट्रोकची. एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये राजदूत ३५० आणली. जपानमध्ये १९७३ साली आलेल्या यामाहा आरडी ३५० ची ही भारतीय आवृत्ती. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गियर. गाडी काळाच्या पुढची होती आणि खिशाच्याही. पेट्रोलचा खर्च परवडेना, म्हणून दशक संपता संपता ती बंद झाली. १९८५ मध्ये आली आरएक्स १००. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या घरात. वजन कमी आणि ताकद बऱ्यापैकी, या एका हिशेबावर या गाडीनं पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या वेड्या केल्या. १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मागून आरएक्सजी आणि आरएक्स १३५ आल्या, पण धुराचे नियम कडक होत गेले आणि २००५ च्या सुमारास तीही ओळ संपली. सुझुकी शोगन, कावासाकी बजाजची आरटीझेड, येझदीची रोडकिंग ही त्याच काळातली भावंडं.

दुसरी पिढी फोर-स्ट्रोकची. १९९९ ची हीरो होंडा सीबीझेड, २००१ ची बजाज पल्सर, २००३ ची २२३ सीसीची करिझ्मा आणि २००८ ची यामाहा आर१५. पल्सर तर पुण्याजवळ चाकणला बनलेली, म्हणजे आपल्या अंगणातलीच.

तिसरी पिढी छोटी आहे, आणि या पट्ट्याच्या दृष्टीनं तीच सगळ्यात बोलकी आहे. कोरियाच्या ह्योसंग कंपनीच्या गाड्यांची जुळणी काही वर्षं सातारा जिल्ह्यातल्या वाईत होत होती. तिच्याकडे पुढे येऊच.

या गाड्या विट्यात टिकल्या, त्याला गावाची घडणही कारणीभूत आहे. यंत्रमागाचं गाव म्हणजे लेथ, वेल्डिंग आणि 'नसेल तर बनवून घेऊ' ही वृत्ती आली. पर्जन्यछायेचा मुलूख, त्यामुळे धूळ भरपूर आणि गंज कमी. कोकणात ज्या गाडीची टाकी आणि मडगार्ड कुजून जातात, तीच गाडी इथे तीस वर्षांनी पत्र्यानं शाबूत सापडते, फक्त तिच्या सिलिंडरची आतून चाळण झालेली असते. आणि तिसरी गोष्ट गलाईची. खानापूर-आटपाडी तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. कोइमतूरमधला किंवा दिल्लीच्या करोल बागेतला पार्ट हवा असेल, तर कुणाचा ना कुणाचा मामा नाहीतर चुलता तिथे असतोच. कुरिअर आणि ऑनलाइन खरेदी येण्याच्या कितीतरी आधीपासून विट्याला ही सोय होती.

टू-स्ट्रोकची दुखणी

टू-स्ट्रोक इंजिनात हलणारे भाग मोजकेच, म्हणून दुखणीही मोजकीच. पण ती एकमेकांत अशी गुंतलेली असतात की रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे असा प्रकार सर्रास चालतो.

सगळ्यात मोठं उदाहरण क्रँकच्या ऑइल सीलचं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही नुसती क्रँक ठेवायची पेटी नसते. पिस्टन खाली येताना तिथलंच पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि वर सिलिंडरमध्ये चढतं. त्यामुळे ती हवाबंद असावी लागते, आणि ते काम क्रँकच्या दोन टोकांना बसवलेली दोन रबरी सील करतात. रबर फक्त चालवून झिजत नाही, नुसतं वय झालं तरी कडक होतं. मालक "आमची गाडी शेडमध्येच होती" असं कितीही अभिमानानं सांगू देत, सीलचं वय थांबलेलं नसतं.

क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गियरचं ऑइल ओढून जाळायला लागतं. पांढरा धूर लोटतो, खाली थेंब न सांडता गियर ऑइल कमी होत जातं, आणि मालक टू-टी ऑइलचा ब्रँड बदलत बसतो. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर प्रकरण जास्त गंभीर. तिथून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडला तरी रेज खाली बसत नाही, प्लग पांढरा पडतो. मग एखाद्या दिवशी रेणावीच्या चढाला किंवा कराड रस्त्याच्या सपाटीवर पिस्टन सीझ होतो. गाडी गॅरेजला जाते, बोअर मारून नवा पिस्टन बसतो, बिल होतं. सील तसंच राहतं, आणि रनिंग संपायच्या आत गाडी पुन्हा सीझ. फिटर लोकांत यावर दोन मतं आहेत. एका गटाच्या मते सीझ झालेलं इंजिन कधीही अर्धं उघडू नये. क्रँक बाहेर काढून दोन्ही सील आणि दोन्ही बेरिंग बदलल्याशिवाय पिस्टनला हातच लावू नये. दुसरा गट म्हणतो, गिऱ्हाईकाच्या खिशाकडे बघूनच काम करावं लागतं. क्रँककेस फोडणं म्हणजे फुल इंजिन, त्याची मजुरी सगळ्यांना झेपत नाही. दोघांचंही खरं आहे. पण इंजिनात थोड्या दाबानं हवा भरून ती कुठून सुटते हे बघायची साधी तपासणी दोन्ही गटांत फारशी कुणी करत नाही. ती केली तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

दुसरं दुखणं बोअरचं. आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटरचा. झीज झाली की बोअर मोठा करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचा. गॅरेजच्या भाषेत स्टँडर्ड, मग पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर आणि शेवटी शंभर, म्हणजे मिलिमीटरचे शतांश. शंभरानंतर नवा स्लीव्ह. आज बाजारात आलेल्या पुष्कळ गाड्या या शिडीच्या वरच्या पायरीवर आहेत. त्याचं एक कारण इथली धूळ, आणि दुसरं मालकांची हौस. आवाज मोकळा यावा म्हणून एअर फिल्टरचा डबाच काढून टाकलेल्या गाड्या या भागात जागोजागी दिसतात. उन्हाळ्यात आटपाडीच्या बाजूला दोन फेऱ्या मारल्या की रिंगांचं काय होतं, ते सांगायला नको.

रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्या, सायलेन्सरमध्ये साठलेला कार्बन, कार्बोरेटरची झिजलेली स्लाइड ही त्यामानानं किरकोळ कामं. क्रँकचं मात्र तसं नाही. कनेक्टिंग रॉडला खालच्या टोकाशी वर-खाली प्ले आला की इंजिन टकटक करू लागतं. ही क्रँक प्रेस करून जोडलेली असते. ती फोडायची, नवा रॉड, पिन आणि बेरिंग घालायचं आणि परत दाबून बसवायची. त्यासाठी या भागातली पुष्कळ इंजिनं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जातात. ऑइल इंजिनांच्या काळापासून तिथे हे हातकाम मुरलेलं आहे. खरं कसब क्रँक दाबण्यात नाही, ती सरळ करण्यात आहे. क्रँक दोन सेंटरमध्ये धरून हळूच फिरवायची, डायल गेजचा काटा कुठे किती उडतो ते बघायचं, बरोबर त्या जागी पितळी हातोडीचा एक ठोका घालायचा आणि पुन्हा फिरवायची. काटा शतांशांत स्थिरावेपर्यंत हे चालतं. ठोका जास्त बसला तर उलट्या बाजूनं मागे यायचं. हे काम घाईत उरकलेलं इंजिन हातात दिल्यावर गोड चालतं, पण वेग वाढला की हँडल आणि फुटरेस्ट थरथरतात, आणि दोष मात्र नव्या बेरिंगवर जातो.

विजेच्या बाजूला एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. गाडी थंड असताना उत्तम, गरम झाली की बंद, अर्ध्या तासानं परत चालू. बहुतेक वेळा मॅग्नेटच्या आतल्या कॉइलचं इन्सुलेशन उष्णतेनं दगा देत असतं. जुन्या पॉइंटच्या गाड्यांना सीडीआय बसवावा की नाही, हा वेगळा वाद. सीडीआयवाले म्हणतात, कटकट संपते. पॉइंटवाले म्हणतात, पॉइंट बिघडला तर रस्त्यावर पॉलिश पेपरनं घासून घरी येता येतं, सीडीआय गेला तर गाडी टेम्पोत घालावी लागते. ऑइल पंपाबद्दलही असंच. पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणारे पुष्कळ आहेत. कुणी लिटरला २५ मिली टाकतं, कुणी ४०. पंप बिघडला तरी इंजिन वाचतं, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. पण नीट असलेला पंप थ्रॉटल आणि वेगानुसार ऑइल कमी-जास्त करतो, ते हातानं मिसळून साधत नाही, हेही तितकंच खरं.

फोर-स्ट्रोकच्या तक्रारी

सीबीझेड, पल्सर, करिझ्मा या गाड्यांची यादी लांब असली तरी ओळखीची आहे. टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर खडखडतो, व्हॉल्व्हची सील कडक होऊन सकाळी निळा धूर येतो, क्लच प्लेटा घसरतात, कोनसेट ढिला पडतो. बटनस्टार्टच्या गाड्यांत स्टार्टरचा वन-वे क्लच गेला की मोटर नुसतीच फिरते. यातलं एकही काम विट्यात अडत नाही. पल्सरचा वंश अजून चालू असल्यानं तिचे पुष्कळ भाग पेठेत सहज मिळतात.

अडतं ते वेगळ्या ठिकाणी. सीबीझेडच्या कार्बोरेटरला थ्रॉटल एकदम उघडला की जास्तीचं पेट्रोल सोडणारा पंप होता. तो बिघडला की बहुतेक जण साधा कार्बोरेटर बसवून मोकळे होतात. करिझ्माचं इंजिन पुन्हा उभं राहतं, पण तिचं फेअरिंग, त्याचे ब्रॅकेट आणि मीटर यांच्यासाठी मालक वणवण फिरतो. २००७ ची पल्सर २२० इंधन इंजेक्शन घेऊन आली. २००९ मध्ये कंपनीनंच कार्बोरेटरची २२० काढली, आणि इंजेक्शनवाली गाडी एकटी पडली. तिचे इतर भाग मिळतात, इंजेक्शनचे भाग ज्याचे त्यानं शोधायचे. आर१५ ची गोष्ट आणखी निराळी. तिचा सिलिंडर डायासिल पद्धतीचा, म्हणजे आतला लोखंडी स्लीव्हच नाही, सगळा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. उष्णता छान सोडतो, टिकतोही. पण झिजला की नेहमीसारखा बोअर मारून पन्नासचा पिस्टन घालायची सोय नाही, अख्खा सिलिंडर बदलायचा.

वाईची गाडी

ह्योसंगचा महाराष्ट्राशी तीनदा संबंध आला. आधी पुण्याच्या कायनेटिकनं या शतकाच्या सुरुवातीला कॉमेट आणि ॲक्विला आणल्या. मग २०११ मध्ये गरवारे मोटर्सनं वाईत जीटी ६५० आर वगैरे गाड्यांची जुळणी सुरू केली. २०१२ मध्ये हा व्यवसाय डीएसके समूहाकडे गेला आणि जीटी २५० आर ही त्यातल्या त्यात आवाक्यातली गाडी आली. दोन सिलिंडर व्ही आकारात, पूर्ण फेअरिंग, दिसायला थेट शर्यतीच्या मैदानावरची. पालक समूह आर्थिक अडचणीत सापडल्यावर वाईचं काम थांबलं. २०१८ मध्ये कायनेटिकच्याच मोटोरॉयल या नव्या उद्योगानं अहमदनगरहून पुन्हा प्रयत्न केला, तोही फार टिकला नाही.

म्हणजे गाडी सातारा जिल्ह्यात जुळलेली, मालक पुण्या-मुंबईपासून सांगलीपर्यंत पसरलेले, आणि दहा-बारा वर्षांत पार्टसाठी दाही दिशा. यातली दुखणी काही जगावेगळी नाहीत. चार्जिंगचा रेग्युलेटर-रेक्टिफायर, स्टेटर कॉइल, पेट्रोलचा पंप, साइड स्टँडचं सेन्सर अशीच. रेग्युलेटर दुसऱ्या गाडीचा जुळवून घेता येतो, स्टेटर पुन्हा गुंडाळून मिळतो. पण ईसीयू, फेअरिंगचे तुकडे, मीटर, थ्रॉटल बॉडी यांना इथला कुठलाच कारागीर हात घालू शकत नाही. परदेशी वेबसाइटवरून मागवावं तर सीमाशुल्क आणि कुरिअरचा खर्च पार्टच्या किमतीच्या बरोबरीला येतो.

१९८५ ची आरएक्स विट्यात चालते आणि २०१२ ची जीटी २५० आर ताडपत्रीखाली उभी राहते, याचं कारण मला इथे दिसतं. गाडी टिकेल की नाही, हे तिच्या वयावर ठरत नाही. तिच्यातला किती भाग लेथवर, बोअरिंग मशीनवर आणि वायंडिंगच्या टेबलावर परत बनतो, आणि किती भाग दुसऱ्या गाडीशी जुळतो, यावर ते ठरतं. धातू परत बनवता येतो. प्लॅस्टिक आणि प्रोग्रॅम यांची मात्र अजून तरी पंचाईत आहे.

पार्ट कुठून आणायचा?

जोरात वाद होतो तो इथे.

एक बाजू म्हणते, कंपनीचाच पार्ट. माप खात्रीचं, धातू खात्रीचा. अडचण एवढीच की जुन्या गाड्यांचे मोजकेच भाग कंपनीकडून येतात, आणि जे येतात त्यांच्या नावानं बनावट पाकिटंही येतात. होलोग्राम आणि छपाई बघून ओळखण्याचे दिवस गेले, छपाई आता सगळ्यांनाच जमते. जाणता फिटर पाकीट बाजूला ठेवतो आणि रिंग हातात घेतो. ती पिस्टनवर न घालता मोकळ्या बोअरमध्ये सोडतो, पिस्टननंच खाली ढकलून सरळ करतो आणि दोन टोकांतल्या फटीत फिलर गेज घालून बघतो. साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास फट मिळाली तर ठीक. गेजची जाड पट्टीही सैल फिरली, तर पाकिटावर कुठलंही नाव असो, रिंग परत.

दुसरी बाजू व्यवहारी. कुठलीही मोटारसायकल कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉकसारखे कारखाने मोटारसायकल कंपन्यांना भाग पुरवतात आणि स्वतःच्या डब्यातही विकतात. पिस्टन, चेन, बेरिंग, केबल यांचंही तेच. मग कंपनीच्या शिक्क्यासाठी जादा पैसे का मोजायचे? बिनतोड वाटणाऱ्या या युक्तिवादात एक गोम आहे. चालू मॉडेलच्या भागांना तो लागू पडतो. वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या गाडीसाठी त्याच कारखान्याचा त्याच दर्जाचा भाग आज येतोच असं नाही. बेरिंग आणि सील यांना मात्र तो पूर्ण लागू आहे. त्यांची मापं आंतरराष्ट्रीय असतात, अंगावर नंबर कोरलेला असतो. सांगलीच्या किंवा कोल्हापूरच्या बेरिंगच्या दुकानात तो नंबर सांगितला की चांगल्या बनावटीचा माल मिळतो, मोटारसायकलचं नावही घ्यावं लागत नाही.

तिसरी बाजू जुन्या ओरिजिनलची. तिचं म्हणणं, नव्या लोकलपेक्षा वापरलेला जपानी भाग बरा. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईतलं कुर्ला, चेन्नईचं पुदुपेट ही त्यांची तीर्थक्षेत्रं. जुन्या गियरचं पोलाद, जुन्या कार्बोरेटरचं ओतकाम यांबद्दल ते म्हणतात त्यात तथ्य आहे. पण झिजणारा भाग जुना घेणं म्हणजे दुसऱ्याची झीज विकत घेणं. आणि या बाजारात भाग कुठल्या गाडीचा, ती गाडी भंगारात रीतसर गेली की रातोरात सोडवली गेली, हे विचारायची पद्धत नाही. आरएक्सला लाखाच्या पुढे भाव मागितला जाऊ लागल्यापासून हा प्रश्न नुसत्या नीतीचा उरला नाही. इंजिन नंबर खोडलेलं केसिंग विकत घेणारा उद्या पोलीस ठाण्यात उत्तर देत बसतो.

चौथी बाजू लेथवाल्यांची, म्हणजे बनवून घेण्याची. बुश, स्पेसर, एक्सल, स्लीव्ह, सायलेन्सरची पुंगळी हे सगळं इथे होतं, आणि चांगलं होतं. मर्यादा दिसते ती धातूवर करायच्या उष्णताप्रक्रियेत. गियरचा दात आकारानं हुबेहूब काढता येतो, पण त्याचा पृष्ठभाग कडक आणि गाभा चिवट ठेवायचं काम प्रत्येक दुकानात जमत नाही. असा गियर थोड्याच दिवसांत दात टाकतो.

बाहेरच्या जगाकडे पाहिलं तर राजदूत ३५० वाल्यांचं नशीब थोर. मूळ आरडी जगभर विकली गेल्यानं अमेरिका आणि युरोपात तिच्या पार्टची स्वतंत्र दुकानदारी आहे. भारतीय गाडीचा ड्रम ब्रेक वगैरे फरक सोडला तर इंजिनाचं बरंच काही जुळतं. आरएक्सवाल्यांसाठी इंडोनेशिया हा आधार. तिथे आरएक्स-किंग ही १३५ सीसीची बहीण २००० नंतरही कित्येक वर्षं बनत होती. कावासाकीनं तर आपल्या १९७० च्या दशकातल्या झेड-१ साठी सिलिंडर हेड नव्यानं ओतून विकायला काढलं. आपल्याकडे एवढी मागणी असूनही असा प्रयत्न कुठल्या मोठ्या कंपनीनं केलेला नाही. भावना पुष्कळ आहेत, पण ऑर्डर किती येतील याचा हिशेब बहुधा त्यांना जमत नसावा.

पेट्रोल आणि परवाना

इथेनॉलचा प्रश्न या भागात थोडा अवघड जागी येतो, कारण ज्या उसापासून इथेनॉल बनतं तो इथल्याच रानात उभा आहे. कारखान्याला ऊस घालणाऱ्या घरातच आरएक्स असते. २०२५ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल देशभर पोचलं. सरकारची बाजू अशी: इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो, आयात घटते, शेतकऱ्याला पैसा मिळतो, जुन्या गाड्यांत काही रबरी भाग आणि गॅस्केट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, पण ते काम स्वस्त आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात शून्य इथेनॉलसाठी रचलेल्या आणि १० टक्क्यांना जुळवलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता.

फिटरची बाजू गॅरेजमधल्या कार्बोरेटरवर दिसते. कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट भुकटी, फुगलेल्या ओ-रिंगा, चिकट झालेला पेट्रोल कॉक. इथेनॉल पाणी ओढतं, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. रोज चालणाऱ्या गाडीला हा त्रास कमी, हौसेनं जपलेल्या गाडीला जास्त. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यानं मिश्रण थोडं पातळ होतं. टू-स्ट्रोकला पातळ मिश्रण म्हणजे सीझचं आमंत्रण, म्हणून मेन जेट एक-दोन नंबरनं वाढवायची पद्धत रुळते आहे. गाडी सीझ झाली की हल्ली दोष सरळ पेट्रोलला दिला जातो, मॅग्नेटच्या बाजूचं सील मात्र पुन्हा निसटतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावलं. इंजिन बदलायचं तर त्याच जातीचं, तेही आरटीओच्या परवानगीनं. आरएक्स १०० वर १३५ चा ब्लॉक चढवला की कागदावर ९८ आणि प्रत्यक्षात १३२ सीसी. विमा कंपनीच्या हातात हे आयतं कोलीत. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीची दुचाकीची फी एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १००० रुपये झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या दुचाकींसाठी ती २००० केली गेली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाल्यानं, कागदात गोंधळ असलेल्या कितीतरी एमएच-१० आणि एमएच-११ गाड्या पहिल्यांदाच उजेडात आल्या. केंद्रानं २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, पण तिची अट पन्नास वर्षांची. आरएक्सला तिथे पोचायला २०३५ उजाडेल.

काय सुटलेलं नाही

इथेनॉलचा तीस-चाळीस वर्षं जुन्या टू-स्ट्रोकवर दीर्घकाळात काय परिणाम होतो, याचं उत्तर गॅरेजच्या अनुभवातून मिळणार नाही, कारण तिथे एका वेळी दहा गोष्टी बदललेल्या असतात. एकच गाडी, एकच सील, एकच जेट ठेवून कुणीतरी मोजायला हवं. या भागात अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाण नाही. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला यापेक्षा बरा विषय शोधायची गरज नाही.

मापांचा प्रश्नही तसाच पडून आहे. कुठल्या गाडीला कुठल्या नंबरचं सील चालतं, कुठला रेग्युलेटर जुळतो, स्टेटरला किती वेढे आणि किती गेजची तार, हे सगळं आज फिटरच्या डोक्यात नाहीतर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आहे. काही जण ते मुद्दाम सांगत नाहीत, धंद्याचं गुपित म्हणून. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे, पण उद्यमनगरात क्रँक सरळ करणारे जुने हात हळूहळू थांबत आहेत आणि नवी मुलं सीएनसीकडे वळली आहेत. सीएनसीवर क्रँक बनते, ठोकून सरळ होत नाही.

आणि कंपनीच बंद झाली तर काय? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही त्यात आहेत. निर्मात्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी, अशी ती कल्पना आहे. चालू कंपनीच्या गाडीला त्याचा उपयोग होऊ शकेल. पण माहिती द्यायला निर्माताच उरला नाही, आयातदार तीनदा बदलला, तर ईसीयूचा प्रोग्रॅम आणि वायरिंगचा नकाशा कुणी जपायचा, कुणाला खुला करायचा, याची तरतूद गाडी विकायला परवानगी देतानाच करावी, अशी मागणी मालकांच्या बाजूनं होते. उद्योगाची बाजू म्हणते की प्रोग्रॅम उघडा केला की धुराची आणि वेगाची बंधनं कुणीही काढून टाकील. आणि फिल्टरचे डबे काढून हिंडणाऱ्या गाड्या बघितल्या तर ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. यावर तोडगा निघालेला नाही. तोवर जीटी २५० आर विकत घ्यायला निघालेल्या माणसाला विट्यातला फिटर देतो तो सल्ला पाळण्यासारखा आहे: एक चालू गाडी घ्यायची असेल, तर पार्टसाठी दुसरी बंद गाडीही आधी बघून ठेवा.